इंजिनाला पाच, वल्ह्याला अठरा

२०२५ च्या ज्येष्ठात, रामाकोन्याच्या खालच्या अंगाला कन्हान नदीकाठी असलेल्या एका देवस्थानाची समिती आमच्याकडे दोन दरपत्रके घेऊन आली. नाव एकाच मापाची, वल्ह्यांनी चालणारी. मूळ किंमतही एकच, १,२०,००० रुपये. एका दुकानदाराने तीवर २८ टक्के कर धरला होता, दुसऱ्याने ५ टक्के. म्हणजे एकाचा कर ३३,६०० रुपये आणि दुसऱ्याचा ६,०००. नदीच्या दोन्ही तीरांवर वस्ती, देऊळ एका तीरावर. पावसाळ्यात रपटा पाण्याखाली गेला की पलीकडच्या भाविकांना मोठा वळसा पडतो, म्हणून नाव हवी होती. समितीतील एका वयोवृद्ध सभासदाने दोन्ही कागद बाजूला सारून विचारले, "वकीलसाहेब, देवाच्या कामाले कायचा टॅक्स जी? बिनबिलाची घेऊन टाकू."

कोकणातील व गोव्यातील वाचकांस रामाकोना ठाऊक नसेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात हे गाव आहे. राज्य मध्यप्रदेश, घरची भाषा मराठी. समुद्र आमच्यापासून फार दूर; परंतु आमच्या ढीवरांचा डोंगा आणि आपल्या खाडीतील व्हडें ही कायद्याच्या पुस्तकात एकाच कप्प्यात बसलेली आहेत, आणि तो कप्पा कोणाच्या शेजारी आहे हे कळल्यावर आपणांसही आमच्याइतकाच संताप यावा, अशी आमची अपेक्षा आहे.

विक्रीकर हे आमच्याच प्रांताचे अपत्य आहे. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने मोटारीच्या इंधनाच्या व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर बसविला. केंद्र सरकारने हरकत घेतली की हा विक्रीवरील कर नसून उत्पादनशुल्क आहे, आणि ते बसविण्याचा अधिकार प्रांताला नाही. नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे, सर न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखाली, तो वाद चालला आणि प्रांताचा अधिकार मान्य झाला. पुढे १९४७ चा मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात आणि आम्ही दुसऱ्या राज्यात गेल्यावर १९५८ चा मध्यप्रदेशाचा कायदा, मागाहून मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, असा हा वंशविस्तार आहे. त्यातील मूळ पुरुषाची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३८ चा कर इंजिनवाल्यावर होता. वल्हे मारणाऱ्याला त्याने स्पर्शही केला नव्हता.

आता आजची व्यवस्था पाहा. वस्तूंच्या वर्गीकरणात जलयानांचे प्रकरण ८९ वे. ८९०१ या शीर्षात प्रवासी व मालवाहू जहाजे, फेरी-नौका, पडाव; कर ५ टक्के. ८९०२ मध्ये मासेमारीची जहाजे. कर ५ टक्के. ८९०३ मध्ये चैनीच्या व क्रीडेच्या नौका आणि त्यांच्याच ओळीत वल्ह्यांच्या नावा व कनू. २०१७ पासून या सबंध ओळीवर २८ टक्के कर होता. चैनीच्या नौकेवर ३ टक्के उपकर तेवढा अधिक, एवढाच काय तो फरक.

वाचक म्हणेल, ढीवर मासे मारतो, तेव्हा त्याची नाव ८९०२ मध्ये बसेल. देवस्थान माणसे उतरवते, तेव्हा त्याची ८९०१ मध्ये. आम्हांसही प्रथम असेच वाटले होते. परंतु या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय टिपांत, ज्यांना आपली न्यायालये मान देत आली आहेत, स्पष्ट सांगितले आहे की मासेमारीच्या शीर्षातून वल्ह्यांच्या मासेमारी नावा वगळलेल्या आहेत आणि वल्ह्यांच्या झाडून साऱ्या नावा ८९०३ मध्येच जातात. इतकेच नव्हे, वल्ह्यांनी चालणारी जीवरक्षक होडीसुद्धा तेथेच. बुडणाऱ्याला वाचवायला निघालेल्या होडीला चैनीच्या पंगतीत बसविणारी ही विद्वत्ता पाहून थक्क व्हावे!

तेव्हा समितीला आम्ही खरे ते सांगितले. २८ टक्के लावणारा दुकानदार बरोबर होता. ५ टक्केवाल्याने वल्ह्याच्या नावेला फेरी-नौका म्हटले होते. तीच नाव फेरीसाठी इंजिन बसवून बांधून घेतली असती तर ५ टक्क्यांचा दावा रास्त ठरला असता. ज्याच्यापाशी डिझेलला पैसे आहेत त्याच्यासाठी सवलत, आणि ज्याच्यापाशी केवळ दंड व खांदे आहेत त्याच्यावर चैनीचा दर. इंजिनाविषयी तर सरकारने विशेष आस्थाही दाखविली आहे: ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकाने मासेमारी नौकेच्या सागरी इंजिनाला ५ टक्क्यांचा दर लागू असल्याचा खुलासा केला. वल्ह्यासाठी असे परिपत्रक काढण्याचे कोणाला सुचले नाही.

३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची छप्पन्नावी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून ही ओळ दुभंगली. चैनीच्या नौका ४० टक्क्यांवर गेल्या, वल्ह्यांच्या नावा व कनू १८ वर आल्या. याबद्दल परिषदेचे आभार मानावेत असे काही मित्र म्हणतात. आम्ही मानणार नाही. वर्गीकरण जगाचे आहे, आपले हात बांधलेले आहेत, असे आठ वर्षे सांगितले जात होते. त्या दिवशी परिषदेने स्वतःच सिद्ध केले की शीर्ष जगाचे असले तरी दर दिल्लीचा असतो आणि एकाच शीर्षात दोन दर ठेवता येतात. मग ५ चा का नाही? ट्रॉलरला ५ आणि होडीला १८, याचे कारण कोणी आम्हांस समजावून द्यावे.

असाही एक युक्तिवाद ऐकू येतो की गावचा सुतार नाव घडवतो, त्याची उलाढाल ४० लाखांच्या आत असते, तो कर लावीतच नाही, तेव्हा हा सारा गवगवा कशासाठी? सुतार कर लावीत नाही हे खरे. पण लाकूड, डांबर, खिळे यांवर भरलेला कर तो किमतीत घालतो, कारण त्याला वजावट मिळत नाही. शिवाय आज फायबरची नाव कारखान्यातूनच येते. आणि नदीतून माणसे उतरविण्याची सेवा करमुक्त असल्यामुळे नावाड्यालाही नावेवर भरलेल्या कराची वजावट नाही. तो सारा बोजा उतारूच्या भाड्यात उतरतो.

आता आमच्या देवस्थानांकडे वळतो. तेथेही आम्ही मुरवत ठेवणार नाही. धार्मिक न्यासाला आयकरातून सूट असते, म्हणून खरेदीवरही कर नाही, हा भ्रम समित्यांत खोल रुजला आहे. आयकर उत्पन्नावर असतो. हा कर वस्तूवर असतो, घेणारा देव असो की दारूचा ठेकेदार. बिनबिलाची नाव घेणाऱ्या समितीला नाव गळू लागल्यावर दुकानदाराकडे बोट दाखविता येत नाही. मध्यप्रदेशात १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली हिशेब तपासून द्यावे लागतात. तेथे सव्वा लाखाचा खर्च कोणत्या कागदावर दाखविणार? बिल घ्यावे, त्यावरील एचएसएन क्रमांक वाचावा, खोट्या ८९०१ ला हसून मान डोलावू नये. नागपूरहून खरेदी असेल तर बिलावर आपला पत्ता घालून घ्यावा. कर तेवढाच पडतो, परंतु ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत राज्याचा वाटा त्या पत्त्याप्रमाणे जातो.

बिनबिलाच्या सवयीचा याहून मोठा तोटा असा की अन्याय्य दराविरुद्ध तक्रार करायला कोणी उरतच नाही. आठ वर्षे २८ टक्के टिकले ते याचमुळे, अशी आमची समजूत आहे. निम्म्यांनी खोटे शीर्ष लिहिले, निम्म्यांनी बिलच घेतले नाही. परिषदेपुढे ओरड कोण करणार?

सोळाव्या शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळला नेला तेव्हा झुवारीवर इंजिन नव्हते. कुंभारजुव्याच्या सांगोडाला दोन होड्या जोडून त्यावर गणपती बसवितात, त्या होड्याही कोणाच्या पोटापाण्याच्या असतात. ज्यांच्या दैवतांनी वल्ह्यांच्या भरवशावर पाणी ओलांडले, त्या समाजाने तरी वल्ह्याला चैन म्हणणाऱ्या ओळीपुढे गप्प बसू नये.

कन्हानकाठच्या समितीने त्या पावसाळ्यात नाव घेतली नाही. सप्टेंबरनंतर तिच्यावरील कर २१,६०० रुपयांवर आला. तोवर पाणी ओसरून रपटा मोकळा झाला होता, आणि खरेदी पुढच्या आषाढावर गेली. दरम्यान आम्ही एक ठराव लिहून दिला आहे. ८९०३ मधील वल्ह्यांच्या नावांना ८९०१ चाच दर लावावा, एवढीच त्यात मागणी. तो परिषदेवरील राज्याच्या मंत्र्यांकडे जाईल. त्यावर समितीबरोबर काठच्या ढीवरांच्याही सह्या आहेत. ज्या देवस्थानांना मसुदा हवा असेल त्यांनी संपादकांमार्फत मागवावा. सोबत आपल्या घाटावरील नावेचे शेवटचे बिल जोडावे, आणि बिल नसल्यास तसे स्पष्ट लिहावे.