एकाच कंपनीतील वीस वर्षे

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. सहा लाखांहून अधिक मनुष्यबळाच्या मानाने हे प्रमाण जेमतेम दोन टक्के. तरीही पुण्या-मुंबईच्या आयटी वर्तुळात अस्वस्थता पसरली ती आकड्यामुळे नव्हे. कपात मुख्यत्वे मधल्या आणि वरच्या श्रेणीत होणार होती. एकाच कंपनीत दहा-पंधरा वर्षे काढलेली माणसे याच श्रेणींत मोठ्या संख्येने असतात.

'मोठ्या कंपनीत लागला आहेस, आता तिथेच टिकून राहा' हा सल्ला मध्यमवर्गीय घरांत आजही दिला जातो. एकेकाळी बँकेच्या नोकरीला असलेला मान सॉफ्टवेअर कंपनीला मिळाला आणि सल्ला तोच राहिला. तो निराधार होता असे मात्र नाही. यांत्रिकी वा स्थापत्य शाखेच्या पदवीधराला पगार देऊन प्रोग्रॅमिंग शिकवणारी शाळा म्हणजे याच कंपन्या. २००१ आणि २००८च्या मंदीतून त्या तरून गेल्या. त्यांच्या नावावर गृहकर्ज सहज मिळते. इन्फोसिसने नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना समभाग दिले, तेव्हा थांबलेल्यांचे अक्षरशः सोने झाले. परंतु तो काळ उद्योगाच्या बाल्यावस्थेचा होता. आज दाखल होणाऱ्या अभियंत्याने तो हिशेब स्वतःला लावू नये.

मग थांबण्याचा आजचा मोबदला किती? ग्रॅच्युइटीचेच पाहू. शेवटचा मूळ पगार दरमहा ६० हजार रुपये असेल, तर वीस वर्षांच्या सेवेनंतर हाती येतात सुमारे ६ लाख ९२ हजार, म्हणजे साडेअकरा महिन्यांचा मूळ पगार. भविष्यनिर्वाह निधी तर कंपनी बदलली तरी सोबत येतोच. दुसरीकडे, या कंपन्यांतील नवोदितांचा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. पायाच इतका खालचा असल्यावर दरवर्षीच्या टक्क्यांच्या वाढीने फारसे काही साधत नाही. शेजारच्या खुर्चीवर बाहेरून आलेला समवयस्क अधिक पगार घेतो, हे सर्वांना ठाऊक असते.

पैशाचे नुकसान तरी मोजता येते. खरी अडचण या धंद्याच्या रचनेत आहे. ग्राहकाला माणसांच्या हिशेबाने बिल लावायचे, तर तळाशी स्वस्त आणि तरुण मनुष्यबळ भरपूर हवे आणि वर मोजकेच. दहाव्या वर्षाच्या सुमारास अभियंता महाग होतो. मग त्याला कोड लिहिणे सोडून माणसे सांभाळायला सांगितले जाते. ही बढती म्हणून साजरी होते. पुढील काही वर्षांत त्याला उत्तम अवगत होते ते एका परदेशी विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीचे आणि स्वतःच्या कंपनीतील मंजुऱ्यांच्या वाटांचे ज्ञान. बाहेरच्या बाजारात त्याला किंमत कमी. कायद्यानेही तो उघडा पडतो. तांत्रिक काम करणारा 'कामगार' या व्याख्येत बसू शकतो, व्यवस्थापक बसत नाही. कपातीविरुद्धचे संरक्षण त्या पदनामाबरोबरच जाते. आता प्राथमिक कोडिंग कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सरकू लागल्याने तळाचा थर आणि त्यावर देखरेख करणारा मधला थर, दोहोंची गरज कमी होणार आहे.

म्हणून, आमच्या मते, प्रश्न किती वर्षे थांबावे हा नसून ती बढती कोणत्या अटीवर घ्यावी हा आहे. प्रत्यक्ष तांत्रिक काम हातात ठेवून वर जाण्याची वाट कंपनीत असेल, तर वीस वर्षेही वाया जात नाहीत. बँकिंग वा दूरसंचार अशा एखाद्या क्षेत्राचे सखोल ज्ञान दीर्घ मुक्कामाशिवाय मिळतही नाही. अशी वाट नसेल, तर आठव्या वर्षी निघणे पंधराव्या वर्षी निघण्यापेक्षा कितीतरी सोपे. त्या वेळी मुलांच्या शाळा आणि हप्ते आड येत नाहीत. ९० दिवसांची नोटीस आड येते, ती कोणत्याही वयात येते.

स्थैर्याची व्याख्या कंपन्यांनी स्वतःच बदलली आहे. टीसीएसच्या जून २०२५ मधील धोरणानुसार कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर असले पाहिजे. प्रकल्पाविना 'बेंच'वर जास्तीत जास्त ३५ दिवस. हिंजवडीतल्या सदनिकेचे कर्ज मात्र वीस वर्षांचेच असते.