‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’

वस्तीतल्या विहारात भरलेल्या एका आरोग्य शिबिराला आम्ही हजर होतो. रक्तदाबाच्या आणि डोळ्यांच्या टेबलापुढे लांबच लांब रांगा. दातांच्या टेबलाशी मात्र शुकशुकाट. तेथे एक बाई साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोर जेवत नाही, रात्री रडत उठते, एवढीच तिची तक्रार. दंतवैद्य ताईंनी मुलीचा वरचा ओठ उचलला, तर पुढच्या चार दातांच्या जागी काळे खुंट! “कधीपासून आहे हे?” “दीड वर्षाची होती तेव्हापासून. पण मॅडम, दुधाचेच आहेत ना? पडणारच आहेत.”

हे वाक्य आमच्या घराघरांत बोलले जाते. शिकल्या-सवरलेल्या, नोकरदार घरांतही बोलले जाते. म्हणून आजची ही जागा आम्ही लेकरांच्या दातांना देत आहोत. चळवळीच्या पानावर हा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी २० जुलै १९४२ ची नागपूरची महिला परिषद आठवावी. हजारो स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याची आणि मुलांना शिकवण्याची गोष्ट आवर्जून सांगितली होती. दाढ ठणकत असलेले पोर वर्गात बसून काय शिकणार?

दुधाचे दात पडतात हे खरे, पण ते कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तेवढी वर्षे पोराने भाकरी कशाने चावायची? शिवाय खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताची जागा हेच दात राखून ठेवतात. दाढ अकाली काढावी लागली की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाट चुकतो. कीड मुळापर्यंत गेली, पू झाला, तर खालच्या कोवळ्या दातालाही इजा पोहोचू शकते.

आणि ही कीड येते कशी? बाळ रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपते. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या दातांभोवती साचते, जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि आम्ल दात खाते. खालचे दात जिभेआड असल्याने बहुधा वाचतात. सुरुवातीला हिरडीलगत पांढुरकी रेघ दिसते, मग पिवळा डाग, मग काळे भोक. पांढऱ्या रेघेवर रोग थांबवता येतो. पण ओठ उचलून पाहतो कोण?

दात येण्याबाबत आपल्यात समजुती मात्र भरपूर! वरचा दात आधी आला तर मामावर भारी, म्हणून घरात चिंता. दात येताना जुलाब व्हायचेच, म्हणून जुलाबाने सुकत चाललेले बाळ घरीच ठेवायचे. ही दुसरी समजूत तर जिवावर बेतणारी आहे. जुलाब दातामुळे होत नाहीत. तोंडात जाणाऱ्या घाण पाण्याने, मळक्या हातांनी आणि बाटलीच्या बुचाने होतात. आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. घरातल्या वडीलधाऱ्या बाया मशेरी लावतात आणि तेच बोट कधी पोरांच्या हिरड्यांवर फिरते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या घरात ती तान्ह्याच्या तोंडात जाता कामा नये.

करायचे ते फार खर्चाचे नाही. दात येण्याआधी हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. त्या दिवसापासून मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या ज्या गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तेथे पेस्टबाबत डॉक्टरांना विचारावे. दिवसातून दोनदा, त्यात रात्रीचे महत्त्वाचे, आणि सहा-सात वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यावे. बाटलीत साखर नको, चोखणीला मध नको. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याला दाखवावे.

पण आम्ही आईला दोषी धरायला बसलेलो नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई पोराला शेजारणीकडे ठेवून जाते. पोर रडू नये म्हणून साखरेचा चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा हाताशी असतो. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले; घरकामगार बाई त्यात कोठे बसते? ऊसतोड मजुराचे लेकरू फडावर ऊस चघळत वाढते, आणि त्याच्या गावच्या अंगणवाडीत तपासणी होते तेव्हा ते शेकडो मैल दूर असते. दुधाच्या दाताचे कवच गर्भातच घडू लागते. आईच उपाशी असली तर ते कच्चे निघण्याची भीती असते. बाजाराची नियत वेगळी सांगायला नको. एका बड्या परदेशी कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळाच्या खाद्यात साखर घातलेली आणि युरोपात मात्र ती नाही, हे स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ने २०२४ साली उघड केले. आमच्या लेकरांचे दात स्वस्त आहेत काय?

शासनाकडे योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, आणि तिच्या यादीत दातांचे रोगही आहेत. मग गाडी अंगणवाडीत येते तेव्हा प्रत्येक ओठ उचलला जातो का, हे आमच्या कार्यकर्त्यांनी तेथे उभे राहून पाहिले पाहिजे. कीड लागलेल्या जागी लावण्याचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याला ना सुई लागते, ना दात कोरायचे यंत्र. किडलेला भाग काळा पडतो, पण कीड बहुधा थांबते. ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळाले पाहिजे, ही आमची मागणी आहे. १४ एप्रिलच्या शिबिरात रक्तदानाशेजारी बालदंततपासणीचे टेबल मांडायला तर कोणाची परवानगी लागत नाही.

शिबिरातल्या त्या बाईला ताईंनी शासकीय दंत महाविद्यालयाच्या बालदंतरोग विभागाची चिठ्ठी लिहून दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि विचारले, “रविवारी उघडा असतो का हो दवाखाना? बाकीच्या दिवशी खाडा पडतो.” ताईंनी मान हलवली. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो.