पाहणे हाही अभ्यास

मरोळच्या घरांवरून विमाने जात असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एखाद्या घरी विचार चालू असतो: नाट्यशिक्षण घेणाऱ्या मुलीला सुटीतील अभ्यासवर्गासाठी लंडनला पाठवावे काय? वर्गाचे शुल्क वडिलांना मान्य असते. भटकंतीचा खर्च मात्र उधळपट्टी वाटतो.

अशा वेळी पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांचे उदाहरण आठवावे. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यसंस्थेत ते शिकले. चित्रकलेचीही त्यांना ओढ होती. मायदेशी परतल्यावर १९६३ मध्ये त्यांनी धर्मवीर भारतींचे ‘अंधायुग’ दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत सादर केले. पडक्या भिंतींत रंगमंच दिसावा, यासाठी दृष्टी घडावी लागते.

लंडनमध्ये १९९७ साली नव्याने सुरू झालेल्या ‘ग्लोब’ नाट्यगृहाच्या उघड्या अंगणात आजही प्रेक्षक शेक्सपिअरच्या काळाप्रमाणे उभ्याने नाटक पाहतात. तेथील सर्वांत स्वस्त तिकिटे हीच. नट आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर तेथे जसे उमगते, तसे टिपणांतून उमगत नाही.

म्हणून अंदाजपत्रक आखताना पालकांनी खरेदीचा रकाना आखडावा. नाटके व संग्रहालये यांचा राखावा. मुलीनेही रोज पाहिलेल्याची नोंद ठेवून ती परतल्यावर घरच्यांना वाचून दाखवावी. हिशेब तेव्हाच पुरा होतो.