गोष्ट वाचण्याचा उपदेश आणि बारा तासांचा दिवस

मुलांना रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा, असे आईबापांना शिकवण्याची मोहीम सध्या जोरात आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने घरच्या शिक्षणातील पालकांच्या सहभागाबाबत मार्गदर्शक सूचनाही काढल्या. वाचून दाखवण्याने मुलाची भाषा समृद्ध होते, याविषयी वाद नाही. बंगळूरच्या प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक भारतीय भाषांतील गोष्टी विनामूल्य खुल्या केल्या, हे कामही मोलाचेच. वाद आहे तो या उपदेशामागे दडलेल्या गृहीतकाशी: गरिबाचे मूल मागे पडते, कारण त्याच्या आईबापांना मूल वाढवता येत नाही!

या गृहीतकाला शास्त्राचा मुलामा मिळाला तो अमेरिकेत. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरातील मूल चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते, असा निष्कर्ष बेटी हार्ट व टॉड रिस्ले यांनी १९९५ मध्ये मांडला. जगभर गाजलेल्या या आकड्यामागे कुटुंबे होती अवघी ४२, आणि त्यांपैकी मदतीवर जगणारी फक्त ६! दारिद्र्याचा प्रश्न असा शब्दमोजणीचा झाला. मजुरी, घर आणि कामाचे तास पडद्याआड गेले. मालकवर्गाला याहून सोयीचे शास्त्र कोणते?

बंगळूरची वस्तुस्थिती पाहावी. पीन्या, म्हैसूर रस्ता, होसूर रस्ता या भागांतील कपड्यांच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने शिलाई यंत्रांवर राबतात. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा ५८ व्या वर्षापर्यंत अडकवणाऱ्या केंद्राच्या हुकमाविरुद्ध एप्रिल २०१६ मध्ये यांतील हजारो जणी रस्त्यावर उतरल्या, आणि दोन दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. हुकमाचा अर्थ ज्यांना इतका नेमका कळला, त्यांना मुलाशी बोलता येत नाही असे मानणे हा निव्वळ उद्धटपणा होय. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील स्त्री-साक्षरता ६८ टक्के होती; उरलेल्यांना अक्षर नाकारले ते कोणी?

अक्षर आहे तिथे वेळ नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभेने कारखाना कायद्यातील दुरुस्ती संमत केली: आठवड्याचे ४८ तास कायम, पण दिवस १२ तासांपर्यंत लांबवण्याची आणि स्त्रियांना रात्रपाळीला लावण्याची मुभा. मग गोष्ट वाचायची कोणत्या घटकेला?

महाराष्ट्राने वेगळा मार्ग पाहिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडला, बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आईबापांच्या अज्ञानावर व्याख्याने झोडत त्या बसल्या नाहीत. कष्टकऱ्याच्या दिवसाशी शाळेने जुळवून घेतले. १९७५ पासूनच्या सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव उचलले खरे, पण तीत राबणाऱ्या सेविकेला पगार नाकारून ‘मानधन’ दिले. मार्च २०१७ मध्ये वेतनवाढीसाठी हजारो सेविकांना बंगळूरच्या रस्त्यावर रात्री काढाव्या लागल्या. उपदान मिळण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ मध्ये. मुलांना रोज गोष्ट वाचून दाखवू शकणारी, प्रत्येक वस्तीत असलेली हीच ती व्यक्ती!

तेव्हा कामगार संघटनांनी हा विषय स्वयंसेवी संस्थांवर सोडू नये. आठ तासांचा दिवस, सेविकेला कायम नोकरी, कारखान्याच्या पाळणाघरात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू पुस्तकांचे कपाट आणि ती वाचून दाखवणारी पगारी शिक्षिका, या मागण्या वेतनाच्या मागणीपत्रातच घातल्या पाहिजेत.