शीड अंगावर, चाके पायात

अंगावर घालून वाऱ्याच्या जोरावर स्केटिंग करता येईल असे साधन महाडमध्ये बनवावे का? विचार इथल्या मातीला परका नाही. भरती गाठून शिडाची गलबते एकेकाळी सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत येत. आज बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत टँकर येतात, पण उन्हाळ्यातल्या दुपारी बाणकोटकडून वर सरकणारा खारा वारा तोच आहे.

आधी ठरवायचे ते पंखा की शीड. पाठीवर पंखा बांधायचा, त्याच्या विजेवर पायातली मोटर फिरवायची, ही कल्पना पोरांना चटकन भावते. हिशेब तिच्या विरुद्ध आहे. वाऱ्यातली फार तर ५९ टक्के शक्ती पंख्याला काढता येते. दोन फूट व्यासाच्या पंख्याला ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात १२-१३ वॅटच्या पुढे जाताच येत नाही, प्रत्यक्षात हाती येईल ते त्याहून बरेच कमी. शिवाय मोटर आणि बॅटरीचे ओझे. वारा पडला की स्केटिंग करणाऱ्याच्या वेगाने फिरणारा पंखा देतो त्याहून जास्त अडवतो. शीड मात्र थेट ढकलते. दीड चौरस मीटर कापडावर त्याच वाऱ्यात अडीच-तीन किलोचा रेटा बसतो आणि गुळगुळीत जमिनीवर माणूस हलायला तेवढा पुरतो. उत्तर युरोपात गोठलेल्या तळ्यांवर हातात शीड धरून स्केटिंग करण्याची रीत १९व्या शतकापासून आहे.

धोकाही त्याच शिडात आहे. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. तो छातीशी ओढतो, पाय चाकांवर असतात, आणि माणूस तोंडावर आपटतो. त्यात महाड दरीत वसलेले. डोंगर आणि कारखान्यांच्या शेड यांच्यामधून वारा वळत, गिरक्या घेत येतो. सलग वारा हवा तर घाट चढून साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर जावे लागेल, पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. जूननंतर महाडलाही वारा भरपूर, पण पाऊस सोबत घेऊनच. वसाहतीच्या रस्त्यांवर तर हा प्रयोग मुळीच नको. रसायनांच्या टँकरपुढे वाऱ्याने ओढलेला मुलगा, हे चित्र कुणालाही मान्य होऊ नये.

तरीही मी बनवण्याच्याच बाजूने आहे. १९८९ साली स्थापन झालेले लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ जवळच आहे, आयटीआयची मुले शिवण आणि जोडकाम करू शकतात. वारा दुप्पट तर रेटा चौपट हा फळ्यावरचा वर्गाचा नियम खांद्याला ओढ बसल्यावर जसा कळतो तसा एरवी कळत नाही. खर्च रेनकोटच्या कापडाचा, बांबूचा आणि पट्ट्यांचा.

मात्र पहिली चाचणी माणसावर नको. बंद मैदानात चाकांच्या गाड्यावर साठ किलोची वाळूची पोती ठेवावीत, शीड बांधावे, ताणकाट्याने ओढ मोजावी. पट्ट्याची कडी पूर्ण ताणाखाली, ओल्या हाताने, एका हिसक्यात सुटते का ते पाहावे. ती सुटेपर्यंत कुणीही पायात चाके घालू नयेत.