निवासी डॉक्टरांची झोप आणि अभ्यास

‘वाचलेलं लक्षात राहत नाही,’ असं एमडी-एमएस करणारा मुलगा किंवा मुलगी घरी सांगते, तेव्हा बहुतेकदा कारण आळस नसून अपुरी झोप असते. वाचलेले पक्के होण्यासाठी झोप लागतेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम, एक सुट्टी आणि रोज ७-८ तास झोप सुचवली. पण ही केवळ शिफारस. आणि ७४ तासही थोडे नाहीत! रात्र जागून तेच पान पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून दहा मिनिटे आठवून पाहणे जास्त उपयोगी. पालकांनी फोनवर आधी झोपेची चौकशी करावी, मग अभ्यासाची. ‘जगणं नको वाटतं’ असे शब्द आले, तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते.