गर्दीतून वेगळा काढलेला चेहरा

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मचाणावर दिवे बांधून फिलिप-लोर्का डिकोर्शिया यांनी वाटसरूंच्या नकळत टिपलेले चेहरे २००१ मध्ये प्रदर्शित झाले. त्यांतील एका ज्यू गृहस्थाने धर्मश्रद्धेपोटी घेतलेली हरकत न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली. छायाचित्र कला ठरले. कायद्याचे असो. रस्त्यावर आलेला माणूस सार्वजनिकच, हा समर्थकांचा युक्तिवाद त्या चित्रांच्या रचनेनेच खोटा पाडला आहे. रस्त्यावर माणसाला गर्दीचा आडोसा असतो. येथे प्रकाशझोताने तीच गर्दी काळोखात लोटली आणि उरलेला एकाकी चेहरा हजारो डॉलरांना विक्रीस काढला. संकोच कलेला अपरिचित होता असेही नाही. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात कोटाआड कॅमेरा दडवून भुयारी रेल्वेतील प्रवासी टिपले. त्यांचे पुस्तक मात्र १९६६ पर्यंत काढले नाही.